मॉनिटरचे हर्ट्झ वाढले, डोळ्यांचे काय?

मोहन्यातील एका घरात रात्री साडेअकरा वाजता अचानक अंधार झाला. वीज गेली नव्हती. पंखा फिरत होता, बाहेर गल्लीतला दिवाही सुरू होता. काळा पडला होता तो फक्त अकरावीतल्या मुलाच्या मॉनिटरचा पडदा. त्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडे सरकत होती आणि तीत इंग्रजीत तीनच शब्द होते, ‘आऊट ऑफ रेंज’.

मॉनिटर नवा नव्हता. उल्हासनगरातून जुना म्हणून घेतलेला, ६० हर्ट्झचा. वर्गातल्या मित्राने सांगितले होते, की एक पैसा खर्च न करता तो ७५ चा करता येतो आणि मग गेम ‘लोण्यासारखा’ चालतो. मुलाने ६० चे ७० केले, चालले. ७५ केले, तेही चालले. मग ८० केले आणि पडदा गेला. थोड्या वेळाने तो आपोआप परत आला खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कपाळ धरून बसला. ‘डोकं ठणकतंय’ म्हणाला. आईने लगेच निदान केले, ‘त्या कॉम्प्युटरशी खेळ केलास ना, त्यानेच डोळे बिघडले.’ कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले, ‘अगं, आमच्याकडे ट्यूबलाइट लुकलुकली तरी माणसांची डोकी धरायची. पडद्याचंही तसंच असेल.’

हा मुलगा कुणी एक नाही. अशा अनेक घरांतल्या गोष्टी एकत्र करून काढलेले हे चित्र आहे. पण त्यातला प्रश्न खरा आहे आणि तो हल्ली डॉक्टरांपुढे वारंवार येतो. मॉनिटरला त्याच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवले, तर नुकसान कशाचे होते, मॉनिटरचे की डोळ्यांचे? आई बरोबर, की आजोबा? दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. मुलाच्या डोकेदुखीचे मूळ मात्र तिसरीकडेच असण्याची शक्यता जास्त आहे.

हर्ट्झ म्हणजे नेमके काय?

पडद्यावरचे चित्र हलताना दिसते, पण प्रत्यक्षात ते हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे दाखवली जातात. एका सेकंदात पडदा किती वेळा नव्याने रंगवला जातो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट आणि त्याचे एकक हर्ट्झ. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. ७५ हर्ट्झला १३.३ आणि १४४ हर्ट्झला सुमारे ७ मिलिसेकंदांनी.

साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण १२ कोटी ४४ लाख बिंदूंची माहिती पडद्यापर्यंत न्यावी लागते. ७५ केले की हा आकडा साडेपंधरा कोटींवर जातो. ही सगळी वाहतूक ग्राफिक्स कार्ड, केबल आणि मॉनिटरच्या आतले नियंत्रण करणारे सर्किट यांनी मिळून सांभाळायची असते. मॉनिटर जोडताच तो संगणकाला आपली कुंडली सांगतो, की मला एवढे रेझोल्युशन आणि एवढे हर्ट्झ झेपतात. संगणक त्यानुसार पर्याय दाखवतो. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ही कुंडली बाजूला सारता येते आणि मर्यादेबाहेरचा आकडा स्वतः टाकता येतो. मुलाने तेच केले होते.

कंपनी एखाद्या मॉनिटरवर ६० लिहिते, तेव्हा त्या मॉडेलचा प्रत्येक नग ६० वर वर्षानुवर्षे नीट चालेल अशी ती हमी असते. एखादा नग ७० किंवा ७५ वरही चालून जातो. शेजारच्याचा तोच मॉनिटर ६६ लाच डोळे फिरवतो. म्हणून ‘माझ्याकडे चालला, तुझ्याकडेही चालेल’ हा मित्राचा सल्ला इथे उपयोगाचा नसतो.

जुना डबा आणि आजचा सपाट पडदा

मॉनिटर जळेल ही भीती आली कुठून? ती आली जुन्या, मागे पोट असलेल्या काचेच्या मॉनिटरपासून. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ मारत जाई. सेकंदाला किती चित्रे आणि प्रत्येक चित्रात किती ओळी, यांच्या गुणाकारावर झोताला आडवे वळवणाऱ्या सर्किटचा वेग ठरे. तो वेग मर्यादेबाहेर गेला की ते सर्किट तापत असे. फार जुन्या मॉनिटरांत त्यावर लगाम नसे, त्यामुळे चुकीच्या सेटिंगने मॉनिटर खरोखर निकामी होऊ शके. पुढच्या काळातल्या मॉनिटरांत संरक्षणाची सोय आली. झेपणार नाही असा सिग्नल आला की ते चित्र दाखवण्याचे नाकारून ‘आऊट ऑफ रेंज’ म्हणू लागले.

आजच्या एलसीडी पडद्यात झोत नसतो. मागे सतत उजेड असतो आणि पुढचा प्रत्येक बिंदू पुढचे चित्र येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो. अशा पडद्याला जास्त हर्ट्झ दिले तर तो सहसा जळत नाही. पण इतर गोष्टी घडतात. पडदा काळा पडतो, रेघा किंवा ठिपके दिसतात, रंग फिके पडतात, चित्रामागे सावली ओढली जाते, कारण बिंदूंना रंग बदलायला पुरेसा वेळ मिळत नाही. आतले सर्किट जास्त तापते. क्वचित बिंदूंना मिळणाऱ्या विद्युतदाबाचा तोल ढळून पडदा बारीक लुकलुकू लागतो.

सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे फसवे हर्ट्झ. मॉनिटर ७५ चा सिग्नल घेतो, सेटिंगमध्ये ७५ दिसतात, मुलगा खूश होतो. आत मात्र मॉनिटर दर पाचवे चित्र गुपचूप गाळतो आणि पडद्यावर सेकंदाला ६० चित्रेच येतात. तीही समान अंतराने नाहीत, मध्येच एक पायरी चुकल्यासारखी. म्हणजे गेम लोण्यासारखा होण्याऐवजी उलट अडखळतो.

आणि सगळे सुरळीत झाले तरी मिळकत किती? ६० वरून ७५ वर गेल्याने चित्र सुमारे ३.३ मिलिसेकंद आधी येते. डोळ्याने पाहून, मेंदूने समजून, बोटाने बटण दाबायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. हालचाल थोडी मऊ दिसते हे खरे. ६० वरून १४४ च्या मॉनिटरवर गेल्यास फरक बहुतेकांना कळतो. १५ हर्ट्झची ही ओढाताण मात्र हौसेपुरतीच.

डोळा किती वेगाने पाहतो?

डोळ्यांना किती हर्ट्झ कळतात, असे मुले विचारतात. याचे एका आकड्यात उत्तर नाही, पण शास्त्र स्पष्ट आहे.

एक दिवा हळूहळू लुकलुकवला तर चालू-बंद वेगळे दिसते. वेग वाढवत नेला की एका क्षणी लुकलुक संपते आणि प्रकाश सलग वाटू लागतो. ही सीमा बहुतेकांत साधारण ५० ते ९० हर्ट्झच्या दरम्यान असते, पण ती स्थिर नसते. दिवा जितका प्रखर, तितकी ती वर सरकते. हा नियम फेरी यांनी १८९२ मध्ये आणि पोर्टर यांनी १९०२ मध्ये मांडला. समोर पाहताना न कळणारी लुकलुक डोळ्याच्या कोपऱ्याला चटकन कळते. जुन्या काचेच्या मॉनिटरकडे ६० हर्ट्झवर थेट पाहिले तर तो ठीक वाटे, पण बाजूच्या टेबलावरून नजर गेली की थरथरताना दिसे, हे अनेकांना आठवत असेल. त्यामुळेच त्या मॉनिटरांचा रिफ्रेश रेट ७५ किंवा ८५ वर ठेवणे डोळ्यांना सुखाचे होते. ‘हर्ट्झ वाढवा, डोळ्यांना आराम मिळेल’ हा सल्ला त्या काळी अगदी बरोबर होता. सपाट पडद्यावर बिंदू मध्ये विझतच नाही. त्यामुळे ६० हर्ट्झलाही तशी लुकलुक नसते. जुना सल्ला नव्या यंत्राला लावल्याने घोळ झाला आहे.

माणूस दमला, झोप कमी झाली किंवा मद्य घेतले की लुकलुक ओळखण्याची ही सीमा खाली येते, कारण या कामात डोळ्याइतकाच मेंदूचाही भाग आहे. वैद्यकात तिचा उपयोगही होतो. यकृत सुकलेल्या, म्हणजे सिरोसिसच्या रुग्णाच्या मेंदूवर परिणाम होऊ लागला आहे का, हे वरवरच्या बोलण्यातून कळत नाही. अशा वेळी त्याला लुकलुकता दिवा दाखवून ही सीमा मोजतात. ती ३९ हर्ट्झच्या खाली आली तर सावध व्हावे, असे अनेक अभ्यासांत धरले आहे.

लुकलुक ‘दिसत’ नाही म्हणजे ती पोचतच नाही असे नव्हे. डोळे किंवा वस्तू वेगाने हलत असतील तर काहीशे हर्ट्झच्या लुकलुकीच्याही खुणा माणसाला दिसतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ठरावीक प्रकारच्या चित्रात ५०० हर्ट्झपर्यंतची लुकलुक लोकांना जाणवली. रात्री काही मोटारींचे मागचे लाल दिवे नजर फिरवताना ठिपक्यांच्या माळेसारखे दिसतात, ते याचेच घरगुती उदाहरण.

फाळक्यांचे डोळे

लुकलुकत्या चित्रांनी डोळ्यांना त्रास होण्याची मराठी माणसाच्या परिचयातील सर्वांत जुनी गोष्ट मॉनिटरची नाही, सिनेमाची आहे. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून दादासाहेब फाळके झपाटले. त्यानंतर त्यांनी छोटा कॅमेरा आणि रिळे मिळवली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून ते घरच्या भिंतीवर चित्रे पाहत. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि झोपायचे कमी, असे महिनोन्‌महिने चालले. त्यांची दृष्टी इतकी खालावली की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली, असे त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. डोळे परत आले नसते, तर पुढचा इतिहास कसा झाला असता, सांगता येत नाही.

या प्रसंगाला मोतीबिंदूचे नाव दिलेले आढळते. आजच्या वैद्यकीय ज्ञानानुसार चित्रे पाहून मोतीबिंदू होत नाही, आणि झालेला मोतीबिंदू चष्म्याने जात नाही. फाळके तेव्हा ४१ वर्षांचे होते, म्हणजे जवळचे दिसायला चष्मा लागण्याचे नेमके वय. मंद उजेड, लुकलुकती चित्रे, जागरण आणि अंतरागणिक बदललेला नंबर असे सारे एकत्र आले असावे, अशी शंका आजच्या डॉक्टरला येईल. तीन-चार चष्मे लागले ही नोंद त्याला पूरकच आहे. थोडक्यात, दोष एकट्या लुकलुकीचा नसावा. मोहन्यातल्या मुलाच्या बाबतीतही हाच मुद्दा पुढे येणार आहे.

त्या काळचे मूकपट सेकंदाला सुमारे १६ चित्रांनी चालत. एवढ्या वेगात लुकलुक असह्य झाली असती, म्हणून प्रोजेक्टरच्या फिरत्या झडपेला तीन पाती बसवत. एकच चित्र तीनदा उजळे आणि डोळ्यापुढे सेकंदाला ४८ झपके येत. पुढे बोलपट २४ चित्रांवर आले, तेव्हा प्रत्येक चित्र दोनदा दाखवून तेच ४८ साधले. चित्रे न वाढवता झपके वाढवण्याची ही युक्ती म्हणजे रिफ्रेश रेट वाढवण्याचा आद्य प्रकारच.

आजोबांची ट्यूबलाइट

आजोबांचे म्हणणे अनुभवातून आले आहे. मोहने म्हणजे एकेकाळी एनआरसी, नॅशनल रेयॉनची वसाहत. २००९ मध्ये कारखाना बंद पडला, पण पाळीचे भोंगे आणि यंत्रांच्या रांगा आठवणारी पिढी इथे आहे. फिरत्या यंत्रांजवळ काम केलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. लुकलुकत्या उजेडात फिरते चाक कधी थांबल्यासारखे, कधी उलटे फिरल्यासारखे भासते, आणि थांबलेले समजून हात घातला तर बोटे जातात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून जुन्या जड चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडतात त्याचे एक कारण हेच. एक मंद झाली की दुसरी प्रखर असते.

ब्रिटनमध्ये आर्नॉल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी कार्यालयातील कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आळीपाळीने साध्या चोकचा आणि सुमारे ३२ हजार हर्ट्झवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकचा उजेड ठेवला. कोणता कधी आहे, हे कर्मचाऱ्यांना सांगितले नव्हते. इलेक्ट्रॉनिक चोकच्या काळात डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आले. म्हणजे १०० हर्ट्झची लुकलुक उघड दिसत नसली, तरी काहींना ती बाधते. मायग्रेन असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आज ट्यूब गेली, एलईडी आले. स्वस्त एलईडी दिव्यांत विजेचे चढउतार गाळणारा भाग काटकसरीने बनवलेला असतो आणि तीच १०० ची लुकलुक परत येते. काही मॉनिटर आणि मोबाइल पडद्याचा उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. ब्राइटनेस जितका कमी, तितका बंद राहण्याचा काळ जास्त. या लुकलुकीचा रिफ्रेश रेटशी संबंध नाही. सेटिंगमध्ये ६० चे ८० केले म्हणून ती थांबत नाही. रात्री दिवा बंद करून, ब्राइटनेस अगदी उतरवून खेळणाऱ्याला तिचा त्रास होऊ शकतो, आणि तो दोष मात्र हर्ट्झला देत बसतो.

धोका खरा कुठे आहे?

झपक्यांचा एक धोका गंभीर आहे आणि तो वेगवान नव्हे, मंद लुकलुकीचा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा एक भाग सुरू असताना लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून पूर्ण पडद्यावर झळकला. काही सेकंदांचाच प्रसंग. त्या संध्याकाळी ६८५ जणांना, त्यात बहुतेक मुलेच, रुग्णालयात नेण्यात आले. कुणाला फिट आली, कुणाला चक्कर, मळमळ, धूसर दिसणे. फिट आलेल्यांपैकी अनेकांना त्याआधी कधीच फिट आली नव्हती. मालिका चार महिने बंद ठेवावी लागली.

याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. फिट्सचा आजार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत ही संवेदनशीलता असते, आणि मुले व किशोरवयीनांत ती जास्त आढळते. सेकंदाला ३ ते ३० झपके धोक्याचे, त्यातही १५ ते २५ च्या आसपास सर्वाधिक. आपल्याकडचे जुने टीव्ही ५० हर्ट्झचे होते. अगदी जवळ बसून पाहिले तर त्यांच्या ओळींमध्ये २५ हर्ट्झची थरथर असे, आणि संवेदनशील मुलांना तीही पुरेशी ठरे. टीव्हीपासून लांब बस, असे घरोघरी ओरडून सांगितले जायचे. निदान या मुलांपुरते ते शहाणपणाचे होते.

मग मॉनिटर ८० हर्ट्झवर नेल्याने फिट येईल का? नाही, ८० हर्ट्झ त्या धोक्याच्या पट्ट्यात बसत नाही. पण सेटिंग बिघडून पडदा जोरात फडफडू लागला, तर ती फडफड या पट्ट्यात येऊ शकते. आणि गेममधले स्फोट, वीज, लखलखाट हे तर कोणत्याही हर्ट्झच्या पडद्यावर तसेच दिसतात. त्यात जागरणाची भर पडली की धोका वाढतो, कारण अपुरी झोप हे फिट येण्याचे मोठे निमित्त आहे. घरात कुणाला फिट्सचा आजार असेल, किंवा खेळताना मुलाच्या हाताला अचानक झटके येत असतील, तो क्षणभर हरवल्यासारखा होत असेल, तर ‘कॉम्प्युटरचं वेड’ म्हणून सोडून देऊ नये. मेंदूविकारतज्ज्ञ ईईजी काढताना लुकलुकता दिवा दाखवून ही संवेदनशीलता तपासतात.

पडदा फडफडताना अस्वस्थ वाटू लागले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि पडद्यापासून तोंड फिरवावे. दोन्ही डोळे नुसते घट्ट मिटण्याने उपयोग होत नाही, पापण्यांतूनही झपके आत जातात. फिट आलीच तर माणसाला कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. फिट पाच मिनिटांवर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. फिट पहिलीच असेल, तर ती लगेच थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मग डोके का दुखले?

त्या रात्री मुलगा सलग पाच तास बसला होता. सेटिंग बदलायचे, मॉनिटर सुरू होतो का पाहायचे, पुन्हा बदलायचे. पडदा काळा पडला की धडधडायचे. खोलीतला दिवा बंद, कारण भाऊ झोपला होता. मॉनिटर पलंगावर बसून पाहायचा, मान पुढे काढलेली. झोप जेमतेम चार तास. सकाळी नाश्ता न करताच निघायचे. डोके दुखायला यातली दोन कारणेही पुरेशी आहेत.

पडद्यावर नजर खिळली की पापण्यांची उघडझाप कमी होते. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा होणारी उघडझाप ५ ते ७ वर येते, असे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था सांगते. प्रत्येक उघडझाप डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. तो थर तुटला की डोळे चुरचुरतात, लाल होतात, मध्येच धूसर दिसते. पंख्याचा झोत थेट तोंडावर असेल तर आणखी लवकर. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातला बारीक स्नायू आवळलेला राहतो. तासन्‌तास मूठ आवळून ठेवल्यावर हात दुखतो, तसेच हे.

या सगळ्यांच्या मुळाशी पुष्कळदा निघतो तो न तपासलेला चष्म्याचा नंबर. लहानसा आडवा-तिरपा नंबर, ज्याला आपण सिलिंड्रिकल म्हणतो, तो असलेला मुलगा फळ्यावरचे वाचू शकतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण स्पष्ट दिसावे म्हणून त्याचे डोळे सतत धडपडत असतात. चार तास पडदा पाहिल्यावर कपाळ दुखते आणि दोष मॉनिटरवर जातो. चित्र अस्पष्ट वाटते म्हणून तो हर्ट्झ वाढवतो, ब्राइटनेस वाढवतो, शेवटी नवा मॉनिटर मागतो. अस्पष्टपणा पडद्यात नसतो, डोळ्यात असतो.

निळा प्रकाश रोखणाऱ्या चष्म्यांचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण चष्म्याच्या दुकानात ते हमखास गळ्यात मारले जातात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा ताण अल्पकाळात या चष्म्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले नाही. ते पैसे योग्य नंबरच्या साध्या चष्म्यावर खर्च केलेले बरे.

तो साधा चष्माही अनेक मुलांना विनामूल्य मिळू शकतो. १९७६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय मुलांची दृष्टितपासणी करून चष्मे देण्याची सोय आहे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरहूनच सुरू झाला. शाळेत पथक येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नये.

एवढे करा

सेटिंगचा मोह आवरत नसेल, तर काही पथ्ये पाळावीत. आकडा एकदम न वाढवता एकेक-दोनदोनने वाढवावा. नवे सेटिंग लावल्यावर विंडोज १५ सेकंद थांबून ‘हे ठेवायचे का?’ असे विचारते. पडदा काळा असेल तर काहीही न दाबता थांबावे, जुने सेटिंग आपोआप परत येते. तसे झाले नाही तर संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून किंवा दुसरा पडदा जोडून सेटिंग पूर्ववत करता येते. रेघा, ठिपके, फडफड किंवा रंगात बदल दिसला की मागे यावे. वॉरंटी शिल्लक असेल तर हा खेळ करूच नये. मागे पोट असलेला जुना काचेचा मॉनिटर मर्यादेबाहेर चालवू नये आणि तो कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा विद्युतभार राहिलेला असू शकतो.

डोळ्यांसाठीची पथ्ये याहून सोपी आहेत. दर २० मिनिटांनी २० सेकंद, सुमारे २० फुटांपलीकडे पाहावे. पडदा हातभर अंतरावर आणि वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. खोलीत दिवा असावा आणि पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाला साजेसा असावा. पंखा तोंडावर नको. रात्रीच्या झोपेत कपात नको. वाढत्या वयात दिवसाचे साधारण दोन तास उघड्यावर, सूर्यप्रकाशात गेले तर जवळची दृष्टी, म्हणजे उणे नंबर, लागण्याचा धोका कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. मोहन्याच्या मुलांना त्यासाठी महागडा क्लब नको, घराजवळचे मैदान पुरे.

डोकेदुखी आठवड्याहून जास्त राहिली, पहाटे झोपेतून जाग आणू लागली, सोबत उलट्या होऊ लागल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर अचानक कमी झाली, तर मात्र पडद्याला दोष देत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या गोष्टीतल्या मुलाचे पुढे काय होते? बहुतेक वेळा हेच होते. आई त्याला सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात घेऊन येते. सोबत तक्रारींची यादी असते आणि त्यात मॉनिटरचे नाव सर्वांत वर असते. तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी मुलाला वाचता येत नाहीत आणि आईला धक्का बसतो. डोळ्यांवर तपासणीची चौकट चढते, एकेक काच बदलली जाते आणि एका काचेला मुलगा गप्प होतो. मग तो तक्त्याची शेवटची ओळ सलग वाचून दाखवतो.

घरी गेल्यावर तो मॉनिटर पुन्हा ६० वर आणतो. चष्मा लावून पाहिल्यावर त्याला तो आधीपेक्षा स्पष्ट दिसतो.